‘डोंबिवली फास्ट’ आणि थंड बाटलीचे जादा पैसे

निशिकांत कामत दिग्दर्शित ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी चित्रपट २००५ साली आला. डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबई गाठणारा माधव आपटे हा बँकेतला साधा नोकरदार. एके दिवशी तो क्रिकेटची बॅट हातात घेतो, समोर येईल त्या गैरप्रकारावर ती चालवत शहरभर फिरतो आणि अखेर पोलिसांच्या गोळीने मरतो. कामत यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. माधवची भूमिका संदीप कुलकर्णी यांनी केली, त्याची पत्नी अलका शिल्पा तुळसकर यांनी. महानगरात एकटा पडत गेलेला माणूस मराठी पडद्यावर इतक्या उघड रागाने क्वचितच आला असेल.

इन्सुली हे सावंतवाडी तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीजवळचे गाव. इथल्या पुष्कळ घरांतले कुणी ना कुणी मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडे असते. गावात राहिलेली तरुण मुले दुचाकीवरून पेडणे, म्हापसा किंवा मोपा विमानतळावर कामाला जातात. चतुर्थीला चाकरमानी आले की हे दोन्ही प्रकारचे लोक एकाच खळ्यात बसतात. अशाच एका चतुर्थीत घरोघरची भजने आटोपल्यावर जुन्या शाळासोबत्यांनी हा चित्रपट पुन्हा पाहिला. प्रस्तुत लेखक त्या बैठकीत होता. चित्रपट संपल्यावर जो वाद झाला, तो भ्रष्टाचार, पोलीस, राजकारण यांवर होईल अशी अपेक्षा होती. तो झाला थंड पेयाच्या बाटलीवर.

बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदाराशी माधवचे बिनसते आणि त्याची बॅट दुकानावर चालते. बैठकीतल्या एका मित्राचे महामार्गालगत छोटे दुकान आहे. हा प्रसंग पाहून तो जोरात हसला आणि म्हणाला, “फ्रीज काय तेचो बापूस चलयता?” त्याचा हिशेब असा : फ्रीज कंपनी देते, पण विजेचे बिल दुकानदार भरतो, पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बर्फ आणावा लागतो, गोव्याला निघालेला पर्यटक बाटली थंडच मागतो आणि ती कोमट लागली तर परत ठेवून पुढे जातो. मग थंड करण्याचे चार पैसे लावले तर बिघडले कुठे? यावर डोंबिवलीकर मित्र उसळला. आपण वर्षभर तिकडे रांगेत उभे राहतो, पास काढतो, कर भरतो, आणि गावी येताना आपल्याच माणसाने आपल्याला लुटावे का, हा त्याचा प्रश्न होता.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. चित्रपट आला तेव्हा पॅकबंद वस्तूंसाठी १९७७ चे नियम लागू होते, पुढे वैधमापन कायद्याखालील २०११ चे नियम आले. दोन्हींनुसार छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात आणि किरकोळ विक्रेत्याला तिच्यावर एक पैसाही घेता येत नाही. विक्रेत्याचा नफाही त्या किमतीतच येतो, त्यामुळे ‘थंड करण्याचे’ असा वेगळा आकार दुकानात बसतच नाही. हॉटेलांची गोष्ट निराळी. तिथे ग्राहक बसतो, त्याला सेवा मिळते, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ च्या निकालात दिली. दुकानदार मित्राने हा निकाल ऐकताच आपल्या बाकड्याकडे बोट दाखवण्याच्या थाटात सांगितले की त्याच्याकडेही गिऱ्हाईक बसतेच. हसण्यावारी नेलेली ही गोष्ट अजून सलते. तक्रार करायची तर वैधमापन निरीक्षकाकडे जायचे, त्यासाठी पावती हवी, आणि बाटलीची पावती रस्त्याकडेच्या टपरीवर कुणी देत नाही. रक्कम इतकी किरकोळ की भांडणारा माणूसच कद्रू ठरतो. माधव आपटेची सगळी कोंडी याच जागेवर आहे. तरीही ग्राहकाने पावती मागावीच. देत नसतील तर बाटली परत ठेवावी.

पणजीत नोकरी करणाऱ्या मित्राला हा प्रसंग उसना वाटला. जोएल शूमाकर यांच्या १९९३ च्या ‘फॉलिंग डाऊन’मध्ये मायकेल डग्लस असाच शीतपेयाच्या किमतीवरून दुकान फोडतो, तेही बेसबॉलच्या बॅटने. साम्य नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो अमेरिकी नायक नोकरी गमावलेला, वाहतूक कोंडीत मोटार सोडून चालू लागलेला आहे. माधवची नोकरी शाबूत आहे, आणि त्याच्याकडे सोडून द्यायला मोटार नाही. स्कॉर्सेसी यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’चा (१९७६) दाखलाही निघाला. त्यातला ट्रॅव्हिस रक्तपात करूनही वाचतो आणि वर्तमानपत्रे त्याला वीर ठरवतात. कामत यांनी माधवला ती सवलत दिली नाही.

बैठकीतल्या एका मित्राची बायको इतका वेळ चहा आणि करंज्या देत ऐकत होती. तिचे म्हणणे सर्वांत कडक होते : “भावजींनू, तो मेलो आणि सुटलो. अलकान काय करूचा?” अलका नवऱ्याला थोडे जमवून घ्यायला सांगते, म्हणून पुरुष प्रेक्षक तिला चटकन तडजोडवादी ठरवतात. घर चालवणाऱ्या बाईला तत्त्व परवडते का, हा प्रश्न चित्रपट उपस्थित करतो, पण त्यावर फार थांबत नाही. ही त्याची उणीव आहे.

डोंबिवलीकर मित्राची तक्रार वेगळीच होती. चित्रपटात लोकल पुरेशी नाही, असे तो म्हणाला. आरंभी माधवचा दिनक्रम झपाट्याने पुन्हा पुन्हा दाखवला जातो, पण सुमारे ४८ किलोमीटरचा तो प्रवास अंगावर येत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडून मेले, तेव्हा त्याच मार्गावरून तोही कामाला जात होता. वीस वर्षांत गर्दी घटलेली नाही, एवढेच तो सांगत राहिला. त्याला माधव वेडा वाटत नाही. उशीर झालेला वाटतो.

लेखकाचे मत बैठकीच्या सुरुवातीला दुकानाच्या प्रसंगाविरुद्ध होते. परक्या चित्रपटावरून आलेला, म्हणून तो सर्वांत कच्चा. पण पोलीस ठाणे, रुग्णालय, पुढारी या साऱ्यांवर इन्सुलीतल्या मंडळींचे एकमत झाले आणि ते विषय पाच मिनिटांत संपले. मध्यरात्रीपर्यंत पुरला तो बाटलीचाच वाद, कारण त्यात प्रत्येकजण कधी ना कधी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला होता. माधवचा पाठलाग करणारा, मनातून त्याच्याशी सहमत असलेला इन्स्पेक्टर अनासपुरे (संदेश जाधव) याच कारणाने अनेकांना नायकापेक्षा जवळचा वाटला. कामत यांनी हीच कथा २००७ साली आर. माधवन यांना घेऊन ‘एवनो ओरुवन’ या नावाने तमिळमध्ये पुन्हा केली. ती त्या बैठकीत कुणीच पाहिलेली नव्हती, आणि दुकानदार मित्राने ती पाहायला ठाम नकार दिला.