मोटारीचा कागद

एकत्र कुटुंबांत दागिने, घरपट्टी, मुलांची फी या सर्वांचा हिशेब असतो. मोटारीच्या विम्याचा कागद मात्र वर्षांतून एकदां सही होऊन कपाटांत पडतो. मोटार निकामी झाली म्हणजेच तो उलगडला जातो, आणि तेव्हां त्यांतील अक्षर बदलतां येत नाहीं.

या कागदाचे दोन भाग. पहिला परक्यासाठीं. आपल्या गाडीनें रस्त्यावरील कोणास इजा झाल्यास त्याला भरपाई मिळावी, म्हणून १९३९ च्या मोटार कायद्यानें तो सक्तीचा केला व १९८८ च्या कायद्यानें ती सक्ती कायम ठेवली. दुसरा भाग स्वतःच्या गाडीसाठीं, तो ऐच्छिक. परक्याची काळजी कायदा घ्यावयास लावतो, आपली आपणच घ्यावयाची असते.

आमचें घर रामदासपेठेंत. गेल्या पावसाळ्यांत पुतण्याची मोटार वर्धा रोडवर मालमोटारीवर आदळली. देवकृपेनें मुलाला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. गाडीचा पुढचा भाग मात्र चेपून गेला. दुरुस्तीचा अंदाज साडेपांच लाखांचा निघाला, आणि विमा कंपनीनें गाडी ‘पूर्ण नुकसान’ ठरवून सात लाख देऊं केले.

“काका, गाडी दहा लाखांची, मग सातच कां?” पुतण्यानें विचारलें.

विमा उतरवितांना गाडीचें जें मूल्य कागदावर घोषित होतें, तेंच अशा वेळीं मिळतें. प्रचलित कोष्टकाप्रमाणें कारखान्याच्या किमतींतून पहिल्या सहा महिन्यांत ५, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षीं २० व तिसऱ्या वर्षीं ३० टक्के घट धरतात. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, कीं गाडी पूर्ण गेली असें समजतात. आमच्या गाडीला अडीच वर्षें झालीं होतीं. हप्त्यांत थोडे रुपये वांचावेत म्हणून हें मूल्य आणखी खालीं आणणारे लोक त्याच दिवशीं आपली भरपाई कमी करून घेत असतात.

परंतु तेवढे सात लाख तरी मिळाले, याचें श्रेय वहिनींचें. गाडी थोरल्या बंधूंच्या नांवें होती. ते गेल्यावर त्यांचें नांव कोठूनही काढणें सर्वांच्याच जिवावर आलें होतें. विमेदार वारला म्हणजे त्याचा मोटार-विमा तीन महिने, किंवा मुदत आधीं संपत असल्यास तोंवरच चालतो. वहिनींनीं तेराव्यानंतर डोळे पुसले, मृत्यूचा दाखला घेतला, आणि नोंदणी व विमा दोन्हीं मुदतींत आपल्या नांवें करवून घेतलीं. अपघातानंतर नोंदणी रद्द करण्यासाठीं आरटीओकडे १४ दिवसांत कळविलें, तेंही त्यांनींच.

बंधूंची तसबीर दिवाणखान्यांत आहे. तेथें त्यांना रोज हार घातला जातो. विम्याच्या कागदावर मात्र हयात माणसाचेंच नांव असावें.