शेवटचे दोन सेंटिमीटर

पन्नास मीटर फ्रीस्टाइल ही ऑलिंपिक जलतरणातली सगळ्यात छोटी शर्यत. जगातले उत्तम पुरुष जलतरणपटू ती साडेएकवीस सेकंदांच्या आसपास संपवतात. वळण नाही, दम राखून ठेवणं नाही, मागे पडलं तर भरून काढायला सवड नाही. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, अंगात ताकद असली आणि जीव खाऊन हात मारले की झालं. मी तरुणपणी हीच शर्यत पोहलो आणि आता पुण्यात मुलांना तीच शिकवतो. ताकद तर लागतेच. पण निकाल लावतो तो नेमकेपणा, असं माझं ठाम मत आहे.

कारण पाण्यातच आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं. शिवाय वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे पोहणारा जितका वेगवान, तितकी त्याची छोटी चूक महाग. डोकं जरासं वर उचललं की कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि हातांनी कमावलेला जोर स्वतःचंच शरीर ओढण्यात खर्च होतो. म्हणून नवीन मुलगा स्प्रिंटसाठी आला की मी त्याला आधी वेगात पोहायला सांगत नाही. भिंतीला रेटा देऊन हात कानांमागे घट्ट ताणून तो पाण्याखालून किती लांब सरकतो, ते बघतो. जो सरळ सरकतो, त्याला पुढचं शिकवता येतं.

शर्यतीची सुरुवात ब्लॉकवर. पुढच्या पायाची बोटं कडेला आवळलेली, मागचा पाय तिरप्या फळीवर टेकलेला, हात कडेला धरलेले, कंबर उंच. ‘टेक युवर मार्क’ ऐकलं की अंग दगडासारखं स्थिर हवं. सिग्नल वाजल्यापासून पाय ब्लॉक सोडेपर्यंत अव्वल स्प्रिंटरला साधारण ०.६ ते ०.७ सेकंद लागतात. त्यानंतरची उडी उंच असण्यापेक्षा स्वच्छ असणं महत्त्वाचं. बोटं जिथून पाण्यात शिरली, तिथूनच डोकं, छाती, कंबर आणि पाय आत गेले पाहिजेत. छाती आपटली, की उडीत मिळालेला वेग तिथेच संपला. या शर्यतीत सगळ्यात जास्त वेग याच क्षणी असतो. पुढे तो फक्त कमी होत जातो, आणि तो कमीत कमी घटावा यासाठी सगळी धडपड. नियमाप्रमाणे पंधरा मीटरच्या आत डोकं पाण्यावर यावं लागतं. तोवर डॉल्फिन किक मारत पाण्याखालून जाता येतं. वर आल्यावर पहिल्याच हाताला श्वास घ्यायची मुलांना घाई होते. ती सवय मोडायला महिने जातात.

मग हात. आम्ही मुलांना सांगतो, ‘आधी पाणी धर, मग ओढ.’ पंजा आत गेल्यावर कोपर वर राहिलं पाहिजे आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा हात पाण्याला आडवा उभा राहिला पाहिजे. कोपर पडलं की पाणी निसटतं आणि हात मोकळाच मागे येतो. हे काठावरून दिसत नाही, पाण्याखाली जाऊन बघावं लागतं. हातामागे बुडबुड्यांची पांढरी रेघ दिसली, तर पोरानं पाण्याऐवजी हवा धरलीय हे कळतं. ज्याचा हात स्वच्छ दिसतो, तो कमी जोरात पुढे जातो. अव्वल पुरुष जलतरणपटूंपैकी अनेक जण अख्ख्या पन्नास मीटरमध्ये एकदाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत, कारण मान वळली की सरळ रेषा मोडते.

शेवट हा माझा सगळ्यात आवडता भाग. लेनच्या तळावरची काळी रेघ भिंतीच्या दोन मीटर आधी एका आडव्या पट्टीनं संपते. ती पट्टी दिसली की डोकं वर करायचं नाही, श्वास घ्यायचा नाही. शेवटचा हात पूर्ण लांबवून, बोटं ताठ ठेवून, पाण्याखालीच भिंतीवरच्या टचपॅडवर थेट आपटायची. हात अर्धवट असताना मुलगा नुसता तरंगत भिंतीकडे गेला, तर घड्याळ चालूच राहतं. पॅडला हलकं टेकून चालत नाही, दाब पडला तरच ते वेळ थांबवतं.

२०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरचा वीरधवल खाडे हीटमध्ये २२.४३ सेकंदांत पोहला. तो राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत त्यानं २२.४७ सेकंद घेतले. जपानच्या शुनिची नाकाओनं २२.४६. कांस्यपदक जपानला गेलं आणि वीरधवल चौथा आला. शेकडाव्या भागाचा फरक म्हणजे त्या वेगाला जेमतेम दोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराहूनही कमी.

हे बारीक अंतर मोजण्यालाही मर्यादा आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीचं सुवर्ण सेकंदाच्या दोन सहस्रांश फरकानं ठरलं होतं. पुढे नियम बदलला आणि वेळ शतांशापर्यंतच धरायची असं ठरलं. बांधकाम कितीही चांगलं असलं, तरी एक लेन दुसरीपेक्षा काही मिलिमीटर लांब असू शकते. मग सहस्रांशानं विजेता ठरवणं न्याय्य कसं? म्हणूनच २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनिअर दोघेही २१.९८ ला भिंतीला लागले आणि दोघांनाही सुवर्ण मिळालं. अर्विन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तीन वर्षांनी त्यानं पोहणं सोडलं. बऱ्याच काळानं तो परतला आणि २०१६ ला रिओमध्ये पस्तिसाव्या वर्षी २१.४० सेकंदांत पुन्हा सुवर्ण जिंकला. दुसरा आलेल्या फ्रान्सच्या फ्लोरां मॅनोदूची वेळ होती २१.४१.

वयाबरोबर दम कमी होतो, पण पाण्याची समज वाढते. स्प्रिंटरची कारकीर्द लांबू शकते ती त्यामुळेच. बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डारा टोरेसनं एकेचाळिसाव्या वर्षी रौप्य मिळवलं, तेही सुवर्णापासून शेकडाव्या भागाच्या अंतरावर. ऑस्ट्रेलियाचा कॅमरन मॅकेव्हॉय रिओत शंभर मीटरचा प्रमुख दावेदार होता, पण सातवा आला. पुढे त्यानं विश्रांती घेतली आणि सरावाची पद्धतच बदलली. रोजचं लांबलचक पोहणं कमी केलं, ताकदीचं काम वाढवलं आणि फक्त शर्यतीच्या वेगाला उपयोगी पडेल तेवढंच पाण्यात केलं. आपल्या चौथ्या ऑलिंपिकमध्ये, २०२४ ला पॅरिसमध्ये, त्यानं २१.२५ सेकंदांत पन्नास मीटरचं सुवर्ण घेतलं. जास्त किलोमीटर म्हणजे जास्त वेग, या समजुतीला त्यानं जबरदस्त हादरा दिला. आमच्याकडे अजूनही मुलाचा सराव किलोमीटरमध्ये मोजला जातो. मला ते पटत नाही.

वीरधवलची कारकीर्द मी याच नजरेनं बघतो. सोळाव्या वर्षी तो बीजिंग ऑलिंपिकला पोहला. २०१० ला ग्वांगझूमध्ये पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं कांस्य मिळवलं. १९८६ ला खजान सिंगनं सोलमध्ये जिंकलेल्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेच्या जलतरणात भारताचं हे पहिलंच पदक. पुढे तहसीलदाराची नोकरी सांभाळताना सराव मागे पडला, आणि त्यानंतर पुन्हा पाण्यात उतरून त्यानं कारकिर्दीतली सर्वोत्तम वेळ काढली, तीही सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. २०२३ ला गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पन्नास मीटरचं सुवर्ण जिंकून त्यानं राष्ट्रीय स्पर्धांचा निरोप घेतला. त्याच स्पर्धेत महिलांच्या पन्नास मीटरचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिनं मिळवलं. जकार्ताच्या त्या चौथ्या क्रमांकाला लोक दुर्दैव म्हणतात. मला तो एका कारागिराच्या हातचा अस्सल नमुना वाटतो. पदकाच्या यादीत नाव नसलं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

पॅरिस ऑलिंपिकची थेट पात्रता वेळ २१.९६ होती. जकार्तातल्या त्या राष्ट्रीय विक्रमापासून ती अर्ध्या सेकंदाहून कमी लांब होती. हे अंतर कापायचं तर मुलांना लहानपणापासून चांगले ब्लॉक, टचपॅड आणि बारा महिने चालणारे तलाव मिळायला हवेत. दर उन्हाळ्यात पोहायचं आणि जूनमध्ये विसरायचं, यातून स्प्रिंटर घडत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत तलाव आहेत. ते वर्षभर चालू ठेवा, एवढीच महापालिकांना विनंती. आणि प्रशिक्षकांनो, मुलं कितीही दमली असली तरी सरावातली प्रत्येक लांबी त्यांना भिंतीला हात लावूनच संपवू द्या.