पाच अंशांची वही

आमचा दवाखाना आयएसओ करायचं ठरलं, तेव्हा पहिला खर्च रंगावर झाला. जिल्हा परिषदेचा श्रेणी १ चा पशुवैद्यकीय दवाखाना, दुष्काळी पट्ट्यातला. गावाने लोकवर्गणी काढली. मोडका खोडा नवा झाला, भिंतीवर खिलार बैल आणि माडग्याळ मेंढ्या आल्या. कचऱ्याचे डबे रंगवार लागले : जार पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल डब्यात, सुया पांढऱ्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. परिचर नाना ते पाठ करत म्हणाले, "साहेब, शाळेत एवढा अभ्यास केला असता तर तुमच्या खुर्चीत बसलो असतो."

मी तिथे पशुधन विकास अधिकारी. मानांकन म्हणजे टापटीप, अशी माझीही समजूत होती.

तपासणीला आलेला तरुण आदल्या आठवड्यात एका फौंड्रीची तपासणी करून आला होता. आयएसओ ९००१ ला कारखाना काय अन् दवाखाना काय, सारखेच. "मला गाई-म्हशींतलं काही कळत नाही," हे त्याने आधीच सांगून टाकलं. मी मनात निर्धास्त झालो.

नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये नानांनी पट्टी बुडवून पातळी दाखवली. रेतमात्रा कशी वितळवता, या प्रश्नावर मी ३७ अंशांचं पाणी, ३० सेकंद असं धडाधड सांगितलं. मग तो फ्रीजपाशी आला. आत लाळ-खुरकुताची लस होती. ती २ ते ८ अंशांतच राहायला हवी, गोठली तरी वाया जाते. बाजूला तापमानाची वही टांगलेली. त्याने तीन महिन्यांची पानं उलटली. सकाळ पाच, संध्याकाळ पाच.

"रविवारी दवाखान्यात कोण असतं?"

नाना माझ्याकडे बघायला लागले.

अक्षर माझं होतं. आठवडाभर आधी एका संध्याकाळी बसून अख्खी वही मीच भरली होती.

तो चिडला नाही. त्रुटीच्या रकान्यात लिहीत एवढंच म्हणाला, "पाच नसतं तरी चाललं असतं, डॉक्टर. आठच्या वर गेल्यावर तुम्ही काय केलंत, ते मला वाचायचं होतं."

मला गेल्या वर्षीची एक बाई आठवली. लस देऊनही तिच्या गाईला लाळ-खुरकूत झालं होतं. प्रत्येक जनावरात लस सारखी लागू पडत नाही, असं मी तिला समजावलं होतं. शास्त्र म्हणून ते खरंच आहे. पण आमच्या फ्रीजमधली लस तेव्हा चांगली होती का, हे सांगायला माझ्याकडे एकही खरा आकडा नव्हता.

त्रुटी दूर झाल्यावर प्रमाणपत्र आलं, चौकटीत लागलं. मी कमाल-किमान तापमापक आणला. पहिल्याच सोमवारी कमाल आकडा दिसला १३. शनिवारी रात्रीपासून वीज नव्हती. नाना हळूच म्हणाले, "काय लिहू, साहेब?"

"तेरा."

लशीच्या बाटल्या बाजूला काढल्या, कारण लिहिलं, नवा साठा मागितला. साठ्याआधी वरून पत्र आलं : लस वाया का गेली, खुलासा करा.

खुलाशाला मी त्याच पानाची झेरॉक्स जोडली.