नीलपूजेची दुपार

आपले वर्ष चैत्राने सुरू होते आणि बंगाल्यांचे चैत्राने संपते. कोलकात्यात बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला हा भेद पहिल्याच वर्षी कळतो. आपण पाडव्याचा कडुनिंब चावून नव्या वर्षात पाऊल टाकलेले असते, आणि इकडे एप्रिलच्या मध्यावर, जुने वर्ष सरता सरता, रस्त्यारस्त्यांतून निळ्या अंगाचे शंकर हिंडू लागतात. कमरेला व्याघ्रचर्माच्या छापाचे कापड, डोक्यावर तागाच्या जटा, गळ्यात रबरी नाग, हातात पत्र्याचा त्रिशूळ. बरोबर एखादी गौरी, नाहीतर लाल जीभ बाहेर काढलेली काली. हा गाजनाचा उत्सव. शिवाच्या नावाने व्रत घेतलेले हे लोक भिक्षा मागत फिरतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी नीलपूजा असते आणि संक्रांतीला चडक.

चडक म्हणजे आपल्याकडच्या बगाडाचा भाऊच. वाईजवळच्या बावधनचे बगाड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो उंच खांब परका वाटणार नाही. पाठीत आकडे टोचून त्यावर फिरण्याच्या प्रथेस सरकारने १८६५ साली बंदी घातली. परंतु बीडन स्ट्रीटवर छातूबाबूंच्या बाजारात चडकाचा मेळा अजूनही भरतो. कालीप्रसन्न सिंहांच्या ‘हुतोम प्यांचार नक्शा’ या १८६२ सालच्या पुस्तकाचा आरंभच चडकाच्या वर्णनाने होतो. ‘हुतोम प्यांचा’ म्हणजे घुबड. शहराची सोंगे पाहण्यासाठी लेखकाने आधी स्वतः घुबडाचे सोंग घेतले, ही गोष्ट मला फार मार्मिक वाटते.

कारण माझेही एक सोंग आहे. एस्प्लनेडच्या मेट्रो गल्लीत घेतलेला एक जुना कॅमेरा सुटीच्या दिवशी गळ्यात अडकवला, की कचेरीतला कारकून मी उरत नाही. परक्या शहरात एकट्याने नुसते उभे राहिले, तर लोक ‘काय हवे?’ म्हणून विचारतात. हातात कॅमेरा असला, की कोणी काही विचारत नाही. एकटेपणाला एक काम मिळते. तरीही रस्त्यावर छायाचित्रे घेणाऱ्याने एकट्यानेच फिरावे, हे मला लवकरच उमगले. सोबत कोणी असले, की बोलणे सुरू होते आणि पाहणे थांबते.

त्या नीलपूजेच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी हाजरा रोडवर उतरलो. महाराष्ट्र निवासावरून पुढे कालीघाटाच्या गल्ल्यांत शिरलो. ऊन पांढरेफटक होते. अशा उन्हात निळा रंग राखाडी दिसतो, म्हणून मी सावलीची कड धरून चाललो होतो. दुकानादुकानांपुढे शंकर उभे होते, आणि प्रत्येक शंकरापुढे चारदोन कॅमेरे. मीही वीसपंचवीस चित्रे घेतली. सगळी सारखीच आली. त्रिशूळ उगारलेला, डोळे वटारलेले. दहा रुपयांची नोट पुढे केली, की देवाचा चेहरा तयार होत होता.

मग एका चहाच्या टपरीमागे, भिंतीच्या आडोशाला, मला हवे होते ते चित्र दिसले. एक शंकर जटा उतरवून बसला होता. घामाने निळ्या रंगाच्या धारा गळ्यावर उतरल्या होत्या, आणि त्यांखालून त्याची सावळी कातडी दिसत होती. सहासात वर्षांची गौरी, कपाळावर मुकुट तिरपा झालेला, त्याच्या मांडीवर डोके ठेवून गाढ झोपली होती. तो तिला त्रिशूळाने नव्हे, गमछाने वारा घालीत होता. प्रकाशही मऊ होता. मी श्वास रोखला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

त्याने मान वर केली. रागावला नाही. हात किंचित हलवून हळूच म्हणाला, “दादा, शिबेर छोबि तुलुन, आमार ना.”

शिवाचे चित्र घ्या, माझे नको. मुलगी गावी शाळेत जाते, एवढेच कारण त्याने पुढे सांगितले.

कॅमेरा खाली आला तो आपोआप. त्या क्षणी मला आमच्या गावचा बहुरूपी आठवला. हवालदाराचा वेष करून तो दारात गरजायचा, “चला, तुमच्यावर वॉरंट निघालंय!” आणि आम्ही मुले आईच्या पाठीमागे दडायचो. एकदा संध्याकाळी तोच मला विहिरीवर तोंड धुताना दिसला. अर्धी मिशी पुसलेली होती. मी टक लावून पाहत राहिलो, तेव्हा आईने माझी मान वळवली. म्हणाली, “त्याचं सोंग संपलंय. आता बघू नये.”

आईने एका वाक्यात शिकवलेली ही रीत मी हजार मैलांवर येऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून, विसरलो होतो. सोंगाला पाहण्याचा हक्क रस्त्यावरच्या प्रत्येकाला असतो. सोंग उतरल्यावर मागे राहतो तो माणूस कोणी मांडलेला नसतो.

मी दोन भांडे चहा सांगितला. आम्ही शेजारी बसून, मुलगी जागी होऊ नये म्हणून न बोलता, तो प्यालो. थोड्या वेळाने ती उठली. त्याने तिचा मुकुट सरळ केला, जटा चढवल्या, त्रिशूळ उचलला आणि भर उन्हात जाऊन उभा राहिला. “आता घ्या,” असे त्याने खुणेने सांगितले. मी घेतले. पैसे देऊ केले, तर त्याने गौरीच्या थाळीकडे बोट दाखवले.

त्या रात्री आमच्या मंडळींनी चित्रे पाहायला मागितली. एक स्नेही त्या शंकराशी थबकले आणि म्हणाले, “छान आहे, पण असले शंकर तर सगळ्यांच्याच कॅमेऱ्यात असतात.”

“हो,” मी म्हणालो, आणि पुढचे चित्र दाखवले.