जुना मार

भंडाऱ्यात सर्जरी करायची तर एक प्रश्न हट्टाने विचारावा लागतो: "मागं कधी मार लागला होता का?" पोट फुगलंय, उलट्या होताहेत, धाप लागलीय, अशा माणसाला या प्रश्नाचा वैताग येतो. तो "नाही" म्हणतो. मग मागून बायको सांगते, "रोवण्याच्या वक्ताले ट्रॅक्टर पलटला होता न जी! फासळ्या मोडल्या होत्या." त्याला तीन वर्षं झालेली असतात.

बांधीत पलटलेला ट्रॅक्टर असो की लाखनी-साकोलीकडच्या महामार्गावरची धडक, पोटावर एकदम दाब आला की छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल फाटू शकतं. बहुधा डावीकडे, उजवीकडे यकृताची आड असते. फासळ्या दिसतात, प्लीहा दिसते, हे भोक मात्र निसटतं. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर आणखीच, कारण मशीनचा दाब पोटातले अवयव खालीच ठेवतो. पुढे प्रत्येक श्वासागणिक छाती त्यांना वर ओढते. श्वासपटलाला क्षणाची उसंत नसल्याने फाटलेलं सहसा आपोआप जुळत नाही. आधी चरबीची झालर वर जाते, मग जठर किंवा मोठं आतडं.

एक्स-रे फसवा असतो. डाव्या छातीत पाण्याची सरळ रेष, वर हवा. छातीत नळी टाकायला हात शिवशिवतात आणि घात होतो तो इथेच, कारण ती नळी थेट जठरात घुसू शकते. मी आधी नाकातून रायल्स ट्यूब घालतो आणि पुन्हा फोटो काढतो. पोटात उतरलेली ट्यूब वळसा घेऊन छातीत वर आलेली दिसली की शंका उरत नाही. सीटीने उरलेलं कळतं.

मोठ्या भोकापेक्षा मला लहान भोकाची भीती जास्त वाटते. तिथे आतडं आवळलं जातं, रक्तपुरवठा तुटतो, ते काळं पडतं. फ्रेंच सर्जन आंब्रुआज पारे याने १५७९ मध्ये नोंदवलेल्या सैनिकाचं हेच झालं होतं: गोळी लागून आठ महिने उलटलेले, आणि भोक जेमतेम करंगळीचं टोक जाईल एवढं. जुन्या केसमध्ये जठर फुफ्फुसाला चिकटलेलं असतं. ओढाओढ केली तर दोन्ही फाटतात. सावकाश सोडवायचं, भोक थोडं वाढवायचं, मग जाड प्रोलीनचे टाके. आतडं जिवंत असेल तर हे काम तसं अवघड नाही.

म्हणून अपघाताचे कागद फेकू नका. पुढे कधी पोट किंवा श्वास बिघडला, तर डॉक्टरने विचारलं नाही तरी तो जुना मार सांगा.