परचुरे कुटी आणि आमची आजी

राळेगांवाहून वर्धा नदी ओलांडून सेवाग्रामास गेलें म्हणजे आश्रमाच्या आवारांत परचुरे कुटी दिसते. महारोगानें जर्जर झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री 1939 सालीं तेथें आले. गांधीजी स्वतः त्यांचें अंग चोळीत.

ती कुटी पाहतांना मला माझी आजी आठवली. अखेरचें दीड वर्ष ती अंथरुणास खिळून होती. दर दोन तासांनीं तिची कूस बदलावी, पाठ व टांचा रोज पाहाव्या, कोठें लाली दिसल्यास त्या जागेवर भार येऊं देऊं नये, हें आईनें एका परिचारिकेकडून शिकून घेतलें. शय्याव्रण एकदां झाला कीं भरून येणें महाकठीण! परंतु आजीचा चेहरा खुले तो वाती वळावयास कापूस हातीं दिला म्हणजे. "आज किती झाल्या, आत्याबाई?" असें आईनें विचारावें, आणि आजीनें मोजून सांगावें.

प्रत्येक जिल्ह्यांत किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असें 2007 च्या कायद्यांत म्हटलें आहे. खाटा मोजणें सोपें. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं वडिलांस वृद्धाश्रमांत ठेवावयाचें ठरविलें, तेव्हां आईनें त्यांस इतकेंच सुचविलें कीं, तेथें दुपारीं न कळवितां जावें आणि अंथरुणावरील म्हाताऱ्यांच्या टांचा पाहाव्या.