दुसरा अक्ष

आलेखाच्या डाव्या कडेस एक माप आणि उजव्या कडेस दुसरें मांडण्याची हौस बहुतेकांस असते. मुळशीस राहणारे माझे एक वृद्ध स्नेही पावसाची नोंद वर्षानुवर्षें इंचांत ठेवीत आले आहेत. त्यांच्या नातवंडांस मात्र मिलिमीटरच समजतात. दोघांचेंही समाधान व्हावें म्हणून 'आर' या संगणकभाषेंत त्या वहीचा आलेख काढावयास मीं घेतला. डावीकडे मिलिमीटर ठेवले आणि उजव्या अक्षास एवढेंच सांगितलें, कीं डावीकडील प्रत्येक आंकड्यास 25.4 नें भाग. शंभर मिलिमीटरांसमोर चार इंचांहून किंचित् कमी असें आपोआप दिसूं लागलें. रेषा जागची हलली नाहीं. तिला दुसरें नांव मिळालें, इतकेंच.

हें काम 'जीजीप्लॉट' नांवाचें साधन करतें. त्याचे कर्ते हॅडली विकहॅम यांनीं ही सोय पुष्कळ वर्षें ठेवलीच नव्हती. 2016 सालीं ती आली तीही एका अटीवर : दुसरा अक्ष पहिल्याचेंच रूपांतर असला पाहिजे. अट कडक सोंवळ्याची वाटते खरी. पण धरणाच्या पाण्याची पातळी घ्या. प्रत्येक पातळीस सांठा एकच, म्हणून रूपांतर रास्त. मात्र तेथें साधा भागाकार पुरत नाहीं. खोरें वर रुंदावत जातें, वरच्या एका मीटरांत तळच्या मीटराहून पुष्कळ अधिक पाणी मावतें, म्हणून सांठ्याच्या खुणा वर वर दाटत जातात. तो अक्ष पाहतांना खोऱ्याचा आकारच डोळ्यांपुढें उभा राहतो.

पैशाचें तसें नाहीं. याच खोऱ्यांत 1921 सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह झाला. सेनापति बापट त्यांत अग्रेसर होते. जमिनीस दर लावला, कीं तिच्याशेजारीं रुपयांचा अक्ष काढतां येतो. पण भातखाचरें बुडणार होतीं त्यांस तें रूपांतर मान्य नव्हतें.

स्नेह्यांची पुढची मागणी अवघड निघाली. रोजचा पाऊस आणि तलावाची पातळी एकाच चित्रांत गांवकऱ्यांस दाखवावयाची होती. साधन यासही सरळ नकार देत नाहीं. पातळींतून एक आंकडा वजा करावा, उरलेल्यास एका पटीनें गुणावें आणि उजव्या अक्षास तेंच उलट करावयास सांगावें. पण ती पट कोणी ठरवावयाची? एक घेतली, तर तलाव पावसाच्या पाठोपाठ धांवतो. दुसरी घेतली, तर मुसळधार पडूनही ढिम्म हलत नाहीं. आणि पाणी तर भिऱ्याच्या वीजगृहाकडे कोंकणांत उतरतें. तेव्हां न हलणाऱ्या तलावाचा अर्थ गांवांत काय लावला जाईल, हें सांगावयास नको.

शेवटीं दोन आलेख एकाखालीं एक काढले आणि तारखांचा अक्ष तेवढा समाईक ठेवला. ज्या दिवशीं पातळी चढूं लागली, त्या दिवसावर दोन्हींतून एक उभी रेघ ओढली.